रिलियूची भांडी आणि कुंडलिकचा गज

सात रस्त्याजवळ, सोलापूर
दसऱ्याचा दुसरा दिवस

मोडनिंबच्या कुंडलिक गिड्डे यास तिप्पण्णा बिराजदारचा नमस्कार.

वर 'प्रिय' लिहून खोडलेलं तुला दिसेलच. 'चिरंजीव' लिहावं तर तू माझ्यापेक्षा अडीच महिन्यांनी मोठा आहेस, आणि 'तीर्थरूप' लिहावं तर अडीच महिन्यांसाठी एवढा मान देण्याची माझी तयारी नाही. तुझा उजवा गुडघा कसा आहे? डाव्यात पाणी झालं होतं ते मला आठवतं, पण तुझी वहिनी चन्नम्मा म्हणते उजव्यात, आणि दुसऱ्यांच्या दुखण्यांबाबत तिचं सहसा चुकत नाही. आम्ही इकडे ठीक. मला साखर झाली आहे. (एकतीस हंगाम साखर कारखान्यात काढले, तेव्हा ती मागे लागणारच होती.) फोन करणार होतो, पण फोन तू कट केला असतास. पत्र कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू कागद फाडणारा माणूस नाहीस, हजेरीच्या चिठ्ठ्यासुद्धा पत्र्याच्या डब्यात जपायचास.

आपलं बोलणं बंद होऊन सोळा वर्षं झाली. कारण तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. नळ्यांतलं कीट काढायचा तो साखळीचा गज तुझा, असं तुझं म्हणणं (म्हणजे तू कधी म्हणाला नाहीस, पण पुढच्या हंगामाला आलाच नाहीस), आणि तो आपल्या दोघांचा, असं माझं. त्यावर पाटी लागली 'तिप्पण्णा गज' अशी. त्याबद्दल लिहायलाच हा कागद घेतला आहे, पण आधी मधे काय काय घडलं ते सांगतो, नाहीतर मला वेड लागलं असं तुला वाटेल.

झालं असं की कारखान्यातून फोन आला. येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी बॉयलरचं अग्निप्रदीपन आहे. त्या दिवशी जुन्या कामगारांचा सत्कार, आणि मी 'माझे संशोधन' या विषयावर दहा मिनिटं बोलायचं! दहा मिनिटं म्हणजे फार. तो गज कसा चालतो हे दोन मिनिटांत सांगून होतं. म्हणून मी दानेश्वरीला (माझी धाकटी, आता कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, तुझ्या मांडीवर बसून मळी चाखलेली तीच) म्हटलं, आपल्या क्वाडचा, म्हणजे रस आटवायच्या त्या चार भांड्यांचा, काहीतरी इतिहास काढून दे, तेवढीच आठ मिनिटं भरतील. तिने फोनमध्ये बघून विचारलं, "अप्पा, तुमचा क्वाड कुणी काढला ठाऊक आहे का?" मी म्हटलं, पुण्याच्या कंपनीने, पाटी आहे की त्यावर. ती इतकी हसली की चन्नम्मा भाकरी टाकून बाहेर आली.

कुंडलिक, तो क्वाड काढला नॉर्बर्ट रिलियू नावाच्या माणसाने. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स म्हणून गाव आहे, तिथला. जन्म १८०६. आई कृष्णवर्णीय, बाप गोरा इंजिनिअर, म्हणजे तिथल्या हिशेबाने पोरगा काळाच. त्या वेळी तिकडे उसाचा रस उघड्या काहिलींत आटवायचे, आपल्या गुऱ्हाळासारखा. फरक एवढाच की आपल्या गुऱ्हाळावर गुळव्याला मान असतो आणि तिथे गुलाम माणसं उकळता रस लांब पळ्यांनी ह्या काहिलीतून त्या काहिलीत ओतायची. भाजायची, मरायची. ह्या माणसाने पॅरिसला शिकून वाफेचा अभ्यास केला आणि डोकं चालवलं. रस बंद भांड्यात घ्यायचा, पहिल्या भांड्याची वाफ दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि आतली हवा ओढून घेतली की कमी आचेवरही रस उकळतो. जळण कमी, साखर पांढरी, आणि पळी घेऊन कुणी उभं राहायला नको. १८४३ साली पेटंट! आज जगातले साखर कारखाने ह्याच हिकमतीवर चालतात. आणि आपण दोघं बावीस हंगाम त्या भांड्यांना टेकून डबे खाल्ले, आणि एकदाही विचारलं नाही की हे कुणाच्या डोक्यातून आलं. मला त्या रात्री खरंच लाज वाटली, आणि त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की जणू तो आपल्याच पाळीत होता.

मग मला नाद लागला. दानेश्वरीने आणखी नावं काढून दिली. आमच्या सात रस्त्यावर सिग्नल आहे, तो बघताना मला आता गॅरेट मॉर्गन आठवतो. शिवणयंत्रं दुरुस्त करणारा कृष्णवर्णीय माणूस. चौकातल्या सगळ्या बाजू एकदम थांबवायची तिसरी खूण असलेला हाताने फिरवायचा खांब त्याने १९२३ साली पेटंट करून घेतला. हे मी स्कूटर थांबवून हवालदाराला सांगत होतो, तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागे सातही रस्ते ओरडायला लागले. हवालदार म्हणाला, "आजोबा, त्यो मॉर्गन गेला, तुमी बी जावा की." नंतर सांगोल्याहून डाळिंबं घेऊन आलेल्या थंड ट्रकला मी हात जोडले, कारण ट्रकावर बसणारं गारव्याचं यंत्र ज्याने बनवलं तो फ्रेडरिक जोन्स लहानपणीच अनाथ झालेला, कृष्णवर्णीय, स्वतःच शिकून मेकॅनिक झालेला माणूस. ड्रायव्हरला वाटलं मी वर्गणी मागतोय. तो खिडकीची काच वर करून बसला.

रिलियूचा फोटो क्वाडजवळ लावायचाच, असं मी ठरवलं. येडू फ्रेमवाल्याकडे गेलो, आणि तिथे 'बॉडी' ह्या शब्दाने घात केला. मी दानेश्वरीशी फोनवर भाषणाची उजळणी करत होतो : पहिली बॉडी लई गरम असते, चौथी गार पडत जाते, चारही बॉड्या आतून खरवडून घ्यायच्या, माणूस आत उतरवूनच. (आपल्यात भांड्याला बॉडीच म्हणतात, दुसरं काय म्हणणार?) दुकानातली दोन गिऱ्हाइकं न बोलता निघून गेली. येडूने फोटो हातात घेतला, खालच्या आवाजात म्हणाला, "फार वाईट झालं काका. पाव्हणं कुठलं?" मी म्हटलं, न्यू ऑर्लिन्स. तो म्हणाला, "मग बॉडी यायला टाइम लागंल." संध्याकाळी फ्रेम मिळाली, तिला चंदनाचा हार, वर 'कै.', खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी भांडणार होतो, पण मग वाटलं, एकशे तीस वर्षं झाली त्याला जाऊन, सोलापुरात त्याला हार घालणारा हा पहिलाच माणूस असेल. तशीच आणली.

ती फ्रेम घेऊन मी कारखान्यावर गेलो. चन्नम्माही आली, तिला आपल्या जुन्या चाळीतला कढीपत्ता बघायचा होता. तिथे संचालकांची बैठक चालू होती. मी आत जाऊन नमस्कार केला आणि नेहमीच्या सवयीने सुरुवात केली की साहेब, हंगाम तोंडावर आलाय, आपली बॉडी आतून किटलीय, ती एकदा नीट खरवडून घेतल्याशिवाय काही खरं नाही. सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले. मला कळेना काय झालं. निवडणूक तीन महिन्यांवर आहे आणि संचालक मंडळालाही बॉडीच म्हणतात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं! व्हाइस चेअरमन तर उभेच राहिले. चेअरमन साहेबांनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलंय?" मी घाईने फ्रेम पुढे केली. त्यांनी ती निरखून बघितली, म्हणाले, "हे सभासद होते का आपले? ऊस कुठल्या गटात?"

तिथे माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, साहेब, ह्या माणसाचा ऊस नव्हता पण तुमची साखर ह्याची आहे. ह्याला तिथले गोरे मळेवाले यंत्र बसवायला बोलवायचे आणि पाहुणा म्हणून घरात उतरवायचे नाहीत. ह्याचा एक पेटंटचा अर्ज परत पाठवला म्हणे, कारण त्यांना वाटलं हा गुलाम, आणि गुलामाला नागरिक धरत नाहीत. म्हणजे डोकं चालतं पण नाव चालत नाही! कसली रीत ही? माझा आवाज चढला होता, एक-दोन संचालक माना डोलवत होते, आणि मला स्वतःचंच फार बरं वाटत होतं. तेवढ्यात दारातून चन्नम्मा कढीपत्त्याची जुडी घेऊन म्हणाली, "अल्ल री, अहो, मग कुंडलिकभावजींचं नाव कुटं हाय?"

चेअरमन साहेबांनी विचारलं, कोण कुंडलिक? आणि कुंडलिक, मला त्याचं उत्तर द्यावं लागलं.

तेच आता तुलाही देतो. गज तुझा होता, आपल्या दोघांचा नव्हता. तुझ्या सायकलची साखळी तुटली, तू तिचे तुकडे गजाच्या टोकाला बांधलेस, तो नळीत फिरवून दाखवलास, आणि दोन दिवसांचं काम आपण सहा तासांत उरकलं. मी खाली उभा राहून बॅटरी धरली होती. कारखान्याने बक्षीस जाहीर केलं, तेव्हा टाइम ऑफिसने सांगितलं की हंगामी कामगाराचं नाव देता येत नाही, कायम माणसाचं द्या. तू म्हणालास, "टाका की अण्णा तुमचंच, हंगामी मानसाचं कोन लिवतंय." मी सोळा वर्षं ते वाक्य तुझी परवानगी म्हणून सांगत आलो. तू काय म्हणत होतास हे मला तेव्हाही कळलं होतं. शाल-श्रीफळ घेताना तू पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होतास आणि मी तुझ्याकडे बघितलं नाही. मला माफ कर म्हणायचा हक्क नाही, पण म्हणतो.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला एरंडेल लावून शेक घे.

तुझा पाळीतला सोबती,
तिप्पण्णा

ता. क. : त्या अग्निप्रदीपनाच्या सोमवारी मी भाषण करणार नाही. त्या दहा मिनिटांत तू बोलायचंस. गाडी घेऊन मी सकाळी सातला मोडनिंबच्या स्टँडवर उभा असेन. आला नाहीस तर नऊपर्यंत उभा राहीन, मग एकटा जाऊन तुझं नाव सांगेन.

ता. क. दुसरा : हे सगळं मला आपोआप सुचलं असं समजू नकोस. चन्नम्माने पत्र वाचलं. म्हणाली, "अर्ध्या पानाची कबुली द्यायला त्या बिचाऱ्या रिलियूला एवढं कशाला राबवलंत?" शिवाय कबुली दिल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, असं तिने कारखान्याच्या गेटवरच सांगितलं होतं. म्हणून हे पत्र मी ओट्यावर बसून लिहिलं आहे.

ता. क. तिसरा : रिलियूचा फोटो लागला, हारासकट. शेजारची 'तिप्पण्णा गज'ची जुनी पाटी उतरवली, पेंटर गुरुवारी नवी लिहिणार आहे. त्याला पूर्ण नाव हवं. टाइम ऑफिसच्या हंगामी पटावर नुसतं 'कुंडलिक गिड्डे' आहे. रिलियूच्या आईचं नाव कॉन्स्टन्स, वडिलांचं व्हिन्सेंट, मला झोपेतही सांगता येईल. तुझ्या वडिलांना मी बावीस हंगाम तात्या म्हटलं, तुमच्या घरी त्यांच्या शेजारी बसून जेवलो, ते गेले तेव्हा खांदाही दिला, आणि त्यांचं नाव मला ठाऊक नाही. पेंटरला मधली जागा मोकळी सोडायला सांगितली आहे. नाव कळव.