खडकवासल्याची तयारी

२ जुलै १९५६, सोमवार. पहाटे ५.
ठरलं. मॅट्रिक होताच खडकवासल्याच्या अकादमीत. लष्करी ऑफिसर! आजपासून रोज पाच मैल पळणे, थंड पाण्याची आंघोळ, इंग्रजीची पाच पाने. बाबा तहसिलात गिरदावर, पटवाऱ्यांवरचे साहेब. त्यांनी फॉर्म मागवला आणि अख्ख्या गुडीहत्नूरला सांगूनही टाकलं. मला भीती अजिबात नाही. आज पाऊस आहे, पळणे उद्यापासून.

५ जुलै
पळालो. सडकेपर्यंत. कुत्रं मागे लागल्याने वेग उत्तम. परत बैलगाडीतून. आंघोळ गरम पाण्याने, सर्दीची शक्यता होती.

१९ जुलै
इचोड्याला पांडुरंगरावांकडे गेलो. फौजेतून रिटायर आहेत. निवडीत काय काय करायला लावतात, एवढंच विचारलं. म्हणाले, भिंतीवरून उड्या, दोरावरून नाला, अन् मंग मोठा साहेब डोळ्यात डोळे घालून इचारते, काऊन आला रे तू? चहा न घेताच निघालो. का आलो, प्रश्न सोपा आहे. उत्तर उद्या तयार करतो.

२० जुलै
उत्तरासाठी नवी वही काढली. नाव घातलं, समास आखला.

८ ऑगस्ट
उडीचा सराव. कडुलिंबावर चढलो. उडीची जागा वरून फार लांब दिसते. शेवटी धाकट्या पद्मजाने शिडी आणली. मी टेहळणी करत होतो, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, दोन घंट्यापासून काय टेहळून राह्यला भाऊ? आईला सांगू नको म्हणालो. तिने सांगितलं.

३० ऑगस्ट
आठ वर्षांपूर्वी पोलीस ॲक्शनमध्ये फौजेचे ट्रक आले तेव्हा गाव हार घेऊन उभं होतं. मी ज्वारीच्या कणगीत होतो. लहान होतो, म्हणून. एक ओळ खरी लिहितो, उद्या खोडीन: मला फार भीती वाटते.

१२ सप्टेंबर
वयाचा दाखला आणायला शाळेत. जानेवारीत वय साडेसतराच्या आत हवं. हेडमास्तर हणमंतराव सरांनी निजामाच्या वेळचं उर्दू रजिस्टर काढलं. माझ्या जन्माच्या फसली, म्हणजे निजामाच्या महसुली, सालाचा शेवटचा आकडा वाळवीने खाल्लेला. सर म्हणाले, तेराशे अठ्ठेचाळीस का एकोणपन्नास, तूच सांग, तेच लिहितो.
आई नेहमी सांगते, महायुद्ध पेटलं त्या दसऱ्याचा तू. म्हणजे इंग्रजी एकोणचाळीस, फसली एकोणपन्नास. अर्जाला अगदी फिट. अठ्ठेचाळीस म्हटलं की एक वर्ष जास्त, अर्ज बाद.
मी अठ्ठेचाळीस म्हणालो.
घाईत निघून गेलं तोंडातून. सरांनी चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं. मी दुरुस्त करणारच होतो, पण तेवढ्यात त्यांनी शिक्का मारला.

१३ सप्टेंबर
देशाचं नुकसान झालं. नियमापुढे इलाज नाही. आई म्हणाली, माह्या लेकराचं साल मले नाही मालूम? बाबा म्हणाले, सरकारी शिक्क्यापुढं तुहं काय चालते? दोन भाकरी जास्त खाल्ल्या. दुःखात भूक लागते.

२५ सप्टेंबर
बाबा पेढे घेऊन आले. नवंबरात हैदराबाद राज्य मोडून आंध्र प्रदेश होणार, मग तेलुगूवाल्यांचीच भरती, असं तहसिलात सगळे बोलतात. त्याआधी जंगलखाते नाकेदार, म्हणजे जंगलाचे पहारेकरी, घेत आहे. अट एकच, रुजू होताना अठरा पूर्ण. बाबा म्हणाले, बरं झालं लेका, तुहं वय बसलं. फौज नाही तर जंगल, वर्दी ते वर्दीच. पोस्टिंग बेज्जूरला, पार जंगलात.
मी लगेच सांगितलं, आईचंच खरं, मी एकोणपन्नासचा. बाबांनी दाखला दाखवला.

१ नोव्हेंबर, बेज्जूर. दुपारी ४.
आज म्हणे राज्य बदललं. इथे एक नाका, एक झोपडी, बाकी साग. जुना नाकेदार सकाळी चार्ज देऊन गेला. जाताना प्राणहिता नदीच्या वाटेवर वाघाचा ठसा दाखवला. माझी मूठ त्यात सहज मावली. म्हणाला, एकट्यानं फिरू नोको. मी विचारलं, इथे दुसरं कोण असतं? म्हणाला, कोनी नाही.
खडकवासल्याला शेकडो पोरं एकत्र असतात.
आई, मी सतराचाच आहे गं.