चौथ्या डिस्कचं नाव

प्रिय दादा,

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवणार, म्हणून अक्षर जरा नीट काढते आहे. माझं लिहिलेलं डॉक्टरांनासुद्धा लागणार नाही असं ती तोंडावर सांगते, आणि तू बाजूला बसून हसतोस. यंत्राचा विषय निघाला की ती भराभर वाचून मोकळी होईल. तेव्हा तू डावा हात वर कर, म्हणजे ती सावकाश वाचेल. आजारपणापासून तुझे शब्द तोंडापर्यंत येत नाहीत, पण आमचे शब्द तुझ्यापर्यंत नीट पोचतात, याबद्दल मला तरी शंका नाही. मागच्या भेटीत मी तुझ्या चहात साखर घालायला विसरले, तेव्हा तू माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंस, ती नजर मी लहानपणापासून ओळखते.

तर बातमी अशी, की गेल्या रविवारी आपलं चित्रघर रिकामं झालं. वहिनीसाठी सांगते, चित्रघर म्हणजे हॉस्पिटलमधले सगळे एक्स-रे आणि स्कॅन सांभाळणारा सर्व्हर. हे नाव दादाचंच. कॉम्प्युटरच्या खोलीत एक दणकट खरं यंत्र असतं आणि त्याच्या पोटात पाच-सहा मानलेली यंत्रं राहतात. प्रत्येकाला वाटतं, आपलं घर स्वतंत्र आहे. दादा मोठ्याला यजमान म्हणायचा आणि आतल्यांना पाहुणे. पाहुण्यांना सामान ठेवायला यजमान ज्या पेट्या देतो त्या व्हर्च्युअल डिस्क. त्या हातात धरून दाखवता येत नाहीत, पण भरतात मात्र खऱ्या पेट्यांसारख्याच, आणि हरवल्या की शोधाशोधही खरीच करावी लागते.

तुझा तो जुना यजमान आता फार धापा टाकायला लागला होता, म्हणून नवा आणला. रविवारी सकाळी बाहेरच्या पेशंटची गर्दी नसताना सगळे पाहुणे जुन्यातून नव्यात हलवले. बाकीचे मुकाट्याने गेले. चित्रघरही उठून बसलं, पण अंगावरच्या कपड्यांनिशी. त्याची स्वतःची पहिली डिस्क तेवढी होती आणि चित्रांच्या चारही डिस्क गायब. इतक्या वर्षांतली सगळ्यांची हाडं, फुप्फुसं, मेंदू, काही म्हणता काही दिसेना.

नवं यंत्र बसवायला कंपनीचे दोघे इंजिनिअर आले होते. त्यांची नावं मी मनातल्या मनात घाई आणि बरं-बरं अशी ठेवली, कारण एकाला सारखी घाई आणि दुसरा त्याच्या प्रत्येक वाक्याला बरं बरं म्हणणारा. घाईने पडद्यावर दोनदा नजर फिरवली आणि निकाल देऊन टाकला, की डिस्क गेल्या. हलवताना खराब झाल्या असणार. त्या काढून टाकू, नव्या कोऱ्या लावू, आणि बॅकअपमधून परत येईल तेवढं आणू. बरं-बरं अर्थातच बरं म्हणाला. चित्रांच्या पहिल्या तीन डिस्क बॅकअपमध्ये आहेत, पण चौथी तू आजारी पडलास त्याच आठवड्यात लावलेली, आणि नंतरच्या धावपळीत तिला बॅकअपमध्ये घालायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासूनचं प्रत्येक चित्र फक्त तिच्यावर होतं. त्यात तुझ्या मेंदूचेही स्कॅन होते, दादा.

त्या क्षणी मला एकदम बाबांचा रेडिओ आठवला. तो बंद पडला तेव्हा मी पेचकस घेऊन त्याच्यावर चालून गेले होते. तू मला उचलून खुर्चीत बसवलंस आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायला सांगितलंस. आधी बघायचं, मग विचारायचं, हात सगळ्यात शेवटी. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, की आवाज नाही. तू म्हणालास, नाही असं म्हणू नकोस, ऐकू येत नाही असं म्हण. मग तू एकेक विचारत गेलास. दिवा लागतोय का, खरखर तरी येते का, दुसऱ्या स्टेशनवर काय. शेवटी आईने झाडताना मागची वायर ओढली गेली होती, एवढंच निघालं. मला वाटतं आपला धंदा त्या दिवशी सुरू झाला.

पुढे तूच मला या कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीत नोकरीला आणलंस. पहिल्या दिवशी मी कुडकुडत होते तेव्हा कोपरावर विरलेला तुझा राखाडी स्वेटर दिलास, तो अजून खुंटीवर आहे. नवा माणूस आला की त्याला मी तोच देते, आणि कुणीही तो घरी नेलेला नाही, कारण रूपच तसं आहे त्याचं. इथेही तुझा नियम तोच होता. काही बिघडलं की आपण दोघं खुर्च्या ओढून पडद्यासमोर बसायचो, हात मांडीखाली घालून. हिशेबखात्यातल्या बाई एकदा आत डोकावल्या आणि बाहेर जाऊन म्हणाल्या, की भाऊ-बहीण शिक्षा भोगतायत.

रविवारी मी त्या दोघांना तसंच बसवलं. घाईला फार अपमान वाटला, पण मी तुझी बहीण आहे. मी म्हटलं, डिस्क गेल्या असं म्हणू नका, दिसत नाहीत असं म्हणा, आणि कुणाला दिसत नाहीत तेही सांगा. यजमानाला विचारलं तर त्याच्याकडे चारही होत्या, पाहुण्याला जोडलेल्याही होत्या. म्हणजे पेट्या जागच्या जागी, फक्त पाहुण्याला तिथे पोचता येत नव्हतं. मग पाहुण्याच्या आत शिरून त्याला काय काय ओळखता येतं ते पाहिलं. तिथे एका उपकरणापुढे पिवळं उद्गारचिन्ह होतं. हे काय आहे ते मला माहीत नाही, असं तो बिचारा केव्हाचा सांगत होता आणि आम्ही कुणी वाचत नव्हतो.

आणि तेव्हा मला हसू फुटलं, कारण ती तुझी खोड निघाली. लोक सगळ्या डिस्क एकाच कंट्रोलरला जोडतात, म्हणजे सगळ्यांची ये-जा एकाच जिन्याने. तू मात्र चित्रांना कायम वेगळा कंट्रोलर द्यायचास. चित्रं जाडजूड, ती जिन्यात अडकली तर बाकीच्यांनी का थांबायचं, असं तुझं म्हणणं. हलवताना त्या दुसऱ्या जिन्याच्या जागी नव्या जातीचा जिना लागला आणि तो चढायचा कसा हे चित्रघराला येत नव्हतं. त्याला त्या जिन्याचा ड्रायव्हर, म्हणजे चढायला शिकवणारा प्रोग्रॅम, दिला आणि चारही डिस्क समोर उभ्या राहिल्या. त्याही आधी ऑफलाइनच, म्हणजे दाराशीच थांबलेल्या, कारण अनोळखी वाटेने कुणी आलं की यंत्र त्याला परस्पर आत घेत नाही. मी एकेकीला आत घेतलं. तेव्हा बरं-बरं पहिल्यांदाच स्वतःहून बोलला. त्याने विचारलं, की या डिस्कना अशी नावं कोण देतं.

त्याला काय सांगणार. भोपळा म्हणजे आपल्याला भूगोल शिकवायचे ते सर, म्हणून सगळ्यात मोठ्या डिस्कला ते नाव. खडूस म्हणजे शेजारचे काका, अंगणात गेलेला चेंडू सहज परत द्यायचे नाहीत. ती डिस्कही चित्र द्यायला तितकाच वेळ लावते. तिसरी चष्मेवाली. ती कोण हे वहिनीला आरशात बघितलं की कळेल, आणि इथे तिने वाचायचं थांबवलं असेल तर दादा, तिला पुढे वाचायची खूण कर.

चौथीला नावच नाही. तू ती लावलीस त्या संध्याकाळी मला फोन केला होतास. आपल्या गल्लीतलंच एक माणूस आठवलंय, इतकं चपखल की तू हसून लोळशील, असं म्हणालास. मी मागे लागले तर, प्रश्नपेटी, उद्या सांगतो, असं म्हणून फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला, तू मोरीत पडलास म्हणून. पुढचे कितीतरी दिवस मला त्या नावाची आठवणसुद्धा झाली नाही. रविवारी ती रिकामी जागा समोर आली, आणि त्या दोघांसमोर मी रडले. घाईने मला पाणी आणून दिलं. वाईट नाही तो.

आता पत्र का लिहिलं ते. परवा वहिनीचा फोन आला होता. तुला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे, की महिनोन् महिने गाडी तिथेच अडली आहे, तर पुढे शिकवायचं की थांबायचं. मामा म्हणाले, आत आता काही उरलेलं नाही, उगाच त्याला कशाला छळता. बाहेरच्या खोलीत सगळ्यांचं बोलणं झालं, माना डोलल्या, आणि तू आतल्या खोलीत होतास. तुला कुणी विचारलं नाही. मी वहिनीला म्हटलं, मी रविवारी येते, तोपर्यंत कशालाही हो म्हणू नकोस. दादा, मी तुला विचारते आहे. शिकायचं असेल तर हे वाचून झाल्यावर वहिनीचा हात दाब. ती तिथेच आहे, आणि तिलाही थांबायचं नाहीये, तिला फक्त कुणीतरी तसं सांगायला हवं आहे. चौथ्या डिस्कचं नाव मी कोरंच ठेवलं आहे. बरं-बरंने तिथे आकडा घालू का विचारलं, मी नको म्हटलं. अर्धा शब्द आला तरी चालेल, डाव्या हाताने पहिलं अक्षर गिरवलंस तरी चालेल, आपली गल्ली मला तोंडपाठ आहे. आणि या रविवारी नाही आलं तर त्याच्या पुढच्या. बाईंना मी कळवलं आहे, की तुझ्या तासाला मी शेजारी खुर्ची ओढून बसणार आहे आणि मधे मधे बोलणार नाही. हात मांडीखाली घालून बसेन.

तुझीच,
प्रश्नपेटी