‘वर्ग चालू आहे’ची कॅसेट

४ मार्च २००१

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. आधी रागच आला. घशाची गाठ, स्वरयंत्र पूर्ण काढणार, तारीख चौदा, आणि हे सगळं तू पाच ओळींत उरकतोस, तेही लिफ्टच्या दुरुस्तीच्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूला! सप्टेंबरपासून तुझा एकही फोन का नाही, ते आत्ता कळलं. आवाज बसलेला मला कळू नये म्हणून ना? तुझ्या खोलीवर फोन नाही, कंपनीत केला की साहेब लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरलेत असं सांगतात. मी बिचारी खूश, म्हटलं, धाकटा कामात बुडालाय.

मी येऊ शकत नाही रे. हे टाइप करताना अक्षरं वरखाली पडतायत. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीनं असं पान दिलं असतं तर मी तिच्यासमोर फाडलं असतं. यांची उजवी बाजू अजून तशीच लुळी आहे. दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. मदतीला बाई येते ती दोनच तास. कुणाच्या भरवशावर सोडून निघू? काल दिवसभर बॅग काढून बाहेर ठेवली होती. संध्याकाळी परत माळ्यावर टाकली.

एवढंच कर. चौदा तारखेच्या आत एकदा फोन कर. आवाज कसाही असू दे, बसलेला, फाटलेला, मला चालेल. नंतर तो ऐकायला मिळणार नाही, हे माझ्या डोक्यात शिरतच नाहीये.

जिवाला जप. मी रागावले तरी माया तेवढीच आहे, हे तुला सांगायला नको.

तुझी,
ताई

२९ मार्च २००१

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी घरी आलो. ऑपरेशन नीट झालं हा निरोप तुला नर्सबाईंनी फोनवर दिलाच असेल. ढब्बू करतो म्हणत होता, पण मी त्याला करू दिला नाही. तो सगळंच वाढवून सांगतो. ढब्बू आठवतो ना, आमचा ड्रमवाला? आता त्याचं चष्म्याचं दुकान आहे. ते बंद ठेवून आठ दिवस माझ्या उशाशी बसला होता. मी पाटीवर लिहायचं आणि त्यानं मोठ्यांदा वाचायचं, अशी आमची व्यवस्था होती. मी लिहायचो, पाणी. तो डॉक्टरांना सांगायचा, पेशंट म्हणतोय की इथली सोय फारच उत्तम आहे, फक्त पाणी मिळालं तर बरं.

गळ्याला पुढून भोक आहे, श्वास तिथूनच येतो-जातो. हसलो तर तिथून नुसती हवा सुटते. लिफ्टच्या कामाचं म्हणशील, तर ते संपलं. एकानं वर मोटरपाशी राहायचं, दुसऱ्यानं खाली खड्ड्यात उतरायचं, आणि खालचा ओरडला की वरच्यानं थांबवायचं, असं ते काम. मुक्या माणसाला खाली कोण उतरवेल? आता ऑफिसात बसवणार आहेत, तक्रारी नोंदवून घ्यायला. तक्रारी सगळ्या फोनवर येतात, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

फोनचं म्हणशील, तर केला होता, पण जमलं नाही. जाऊ दे ते.

तुला आवाज ऐकायचा होता, म्हणून सोबत कॅसेट पाठवतो. ढब्बूनं आपल्या रेकॉर्डवरून भरून दिली आहे. पाकीटही त्याच्याच दुकानाचं आहे. मी बावीस वर्षांचा होतो तेव्हाची ती ‘वर्ग चालू आहे’. चौदा गाणी, एकोणीस मिनिटं. एका सुट्टीच्या दिवशी, लाँड्रीच्या मागच्या खोलीत, यंत्रं थंड असताना सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, एवढ्यात संपवली. या प्रकाराला हार्डकोअर पंक म्हणतात. तू भांडी पडल्याचा आवाज म्हणायचीस. ढब्बूनं एका मासिकातलं कात्रण आणलं होतं. त्यात तिला अभिजात म्हटलंय. आम्ही दोघं त्यावर इतके हसलो की नर्सबाईंना येऊन माझी नळी नीट करावी लागली.

नावावरून तू इतकी वर्षं राग धरून आहेस. ताई, ती चेष्टा नव्हती गं. बाबा गेल्यावर पुढच्या खोलीत तू टायपिंगचे वर्ग सुरू केलेस म्हणून घर चाललं. मागच्या खोलीत आम्ही सुरू केलं की भिंतीतून तुझं यायचं, आवाज कमी करा, वर्ग चालू आहे! आवाज कमी करून ते वाजवताच येत नव्हतं. लवकर संपवणं एवढंच आमच्या हातात होतं. म्हणून आमची गाणी मिनिटभराची झाली. लोक त्याला आमची शैली म्हणतात.

माफ कर, त्यात सगळं ओरडणंच आहे. माझा दुसरा आवाज कुठेच भरलेला नाही.

दाजींना नमस्कार. तुझी माया अशीच राहू दे, मी काही चांगलं वागलो नसलो तरी.

तुझा,
धाकटा

१५ एप्रिल २००१

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

कॅसेट मिळाली त्याच दिवशी लावली आणि दुसऱ्या गाण्यालाच बंद केली. तर यांनी डावा हात उचलून खुणावलं, चालू ठेव. गेल्या वर्षभरात या माणसानं आपणहून काही मागितलेलं नाही. मग काय करते, लावली परत.

खरं सांगू? चार-पाचदा ऐकल्यावर मला ते दिसायला लागलं. मी तीस वर्षं मुलींना वेग शिकवला. वेग वाढला की चुका वाढतात, त्या वाढू द्यायच्या नाहीत, सगळी विद्या तेवढीच. तुझा ढब्बू मिनिटाला किती ठोके मारतो मी मोजायला गेले आणि बोटं थकली. पण चूक एक नाही! आणि गाणं संपतं ते कसं, ओळ संपली की टाइपरायटरची घंटी वाजावी आणि गाडा परत सरकवावा तसं. पुढचं गाणं लगेच. उगाच शेपूट नाही. मी पास केलं असतं तुम्हाला, पहिल्या वर्गात.

सहाव्या गाण्यातले शब्द तिसऱ्या दिवशी कळले. दुसऱ्यांचे अर्ज लिहून हिची बोटं झिजली, हिचा अर्ज कुणी लिहिला, कुणी लिहिला, असं तू आठ वेळा ओरडतोस. धाकट्या, ती रेकॉर्ड अठरा वर्षं माझ्या कपाटावर होती. मी पाकीट उघडलंही नव्हतं. मी खुर्चीत बसून राहिले, दूध उतू गेलं तरी उठले नाही.

आता एक विचारते, खरं सांग. तेरा मार्चला, तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मंगळवारी दुपारी मी यांना पुसून काढत होते, तेव्हा फोन वाजला. ओल्या हातानं उचलला. पलीकडून नुसती घरघर, कुणी कागद चुरगाळावा तशी. मी म्हटलं, अहो, घरात आजारी माणूस आहे, असले चाळे करू नका, आणि आपटला. परत वाजला. मी उचललाच नाही. काल रात्री भांडं घासताना ते माझ्या हातातून पडलं, आणि एकदम लक्षात आलं. तो तू होतास का?

देवानं एक बरं केलंय. नवव्या गाण्यानंतर, दहावं सुरू व्हायच्या आत, तुझा साधा आवाज आहे! तुला आठवतही नसेल. अरे थांब ना, परत घेऊ, असं म्हणून तू हसतोस. अगदी तसाच, तोंडात घास असताना हसायचास तसा. जेमतेम तीन सेकंद. मी ते मागे-पुढे करून इतक्यांदा ऐकलंय की टेप तिथे घासली असेल. आता मला दुसरं काही नको.

उत्तर लवकर दे. रागावला असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझी,
ताई

२४ एप्रिल २००१

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगतो. हो, मीच होतो. दवाखान्याच्या खालच्या फोनवरून केला होता. ताई, असा शब्द म्हणायचा प्रयत्न केला, पण त्याचा त निघाला नाही. तुझी काहीच चूक नाही. मलाही तसला फोन आला असता तर मी शिव्या घातल्या असत्या, तू निदान अहो म्हणालीस. तुझा आवाज ऐकून वर गेलो, तेवढ्यानं माझं काम झालं होतं. यावर आता एक शब्दही लिहायचा नाही.

आणि हो, नवव्या गाण्यानंतरचा तो मीच. मी साफ विसरलो होतो. ऐकत जा.

मेच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस ढब्बूकडे जाईन म्हणतो. हवापालट होईल.

दाजींना सहावं गाणं आवडलं की अकरावं, ते कळव. प्रकृतीला जप, आणि या भावावरचा जीव उणा होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

२४ एप्रिल २००१

प्रिय ढब्बू, स. न. वि. वि. (पूर्ण शब्द तुला येत नसतील तर बायकोला विचार.)

एक घोळ झालाय. नवव्या गाण्यानंतर तू बोललास, आठवतं? मी घसा सोलवटून बाहेर मोरीवर थुंकायला गेलो होतो आणि तू बास गिटारवाल्याला म्हणालास, अरे थांब ना, परत घेऊ. मी आल्यावर सगळी बडबड कापायला सांगितली होती. तेवढं कापायचं राहिलं.

ताई म्हणते तो मी. आमच्या घरी तू तिच्या धाकानं कधी तोंड उघडलं नाहीस, त्यामुळे तुझा आवाज तिला माहीत नाही. ती ते दिवसातून दहादा ऐकते. मी पाटीवर आधी नाही असं लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, आणि पत्रात हो लिहून मोकळा झालो. मंगळवारच्या फोनचं तिला कळलंय. त्याच पत्रात मी तिच्याकडून हे कसं काढून घेऊ?

माझा तो आवाज खरंच कुठे नाही रे. मी काल परत सगळी रेकॉर्ड कान लावून ऐकली. चांगली आहे. आपण चांगलं वाजवलं. पण एकोणीस मिनिटांत मी एकदाही श्वास घेऊन साधं काही बोललेलो नाही. तेव्हा वाटायचं, बोलायला काय, आयुष्य पडलंय.

तुझ्या दुकानाचा नंबर तिच्याकडे पाकिटावर आहे. तिचा फोन आला तर तू बोलू नकोस. वहिनींना उचलू दे. आणि हसू तर मुळीच नकोस.

दोस्ती जुनी आहे, म्हणून हक्कानं छळतो.

तुझा,
मुका गायक

९ मे २००१

प्रिय मित्रा, सप्रेम नमस्कार, वि. वि. (घे पूर्ण!)

तपासणी पुढे गेली म्हणून तू आला नाहीस, हे मला समजलं, पण ताईंना कुठे ठाऊक होतं? रविवारी सकाळी अकराला दुकानात काचा घासत होतो. फोन वाजला. सवयीनं उचलला आणि तोंड उघडणार तोच पलीकडून आलं, कोण, ढब्बू का? मी ओठ गच्च मिटले. बायको देवळात गेलेली. ठेवून देणार होतो, खरंच देणार होतो. पण मी फोन आपटला तर तिच्या मनात काय काय येईल, या विचारानं ठेवला नाही.

मग ती हळूच म्हणाली, धाकट्या, तू आहेस का रे?

मी काय करायला हवं होतं ते तू सांग. मी रिसीव्हर तसाच कानाला धरला. ती म्हणाली, बोलू नकोस, मला श्वास ऐकू येतोय, तेवढं पुरे. मग ती पंधरा मिनिटं बोलली. दाजींना अकरावं गाणं आवडतं. ते लागलं की डाव्या हाताची दोन बोटं चादरीवर हलतात. डॉक्टर म्हणाले, याहून जास्त सुधारणा आता व्हायची नाही. हे तिनं कुणाला सांगितलेलं नाही, फक्त तुला सांगते, म्हणाली. यार, ते मी ऐकलं.

मग तिनं युक्ती काढली. हो असेल तर रिसीव्हरवर एकदा टिचकी मार, नाही असेल तर दोनदा. तिनं विचारलं, नीट खातोस का? मी एकदा मारली. खूप दुखतं का? हे मला कुठे माहीत? तू मला कधी सांगितलंस? मी दोनदा मारली. मला वाटलं, संपलं. आणि तिनं विचारलं, मंगळवारचं मला माफ केलंस ना?

मी आयुष्यभर ठोके मारले, पण दुसऱ्याच्या नावानं कधी मारले नव्हते. तुला न विचारता मी एकदा टिचकी मारली. ती रडायला लागली आणि मीही रडलो, आवाज न करता. ते किती अवघड असतं, ते तुला आता माहीत असेल.

तू रविवारपर्यंत इथेच राहणार, असं तिनं धरलंय. येत्या रविवारी अकराला ती परत फोन करणार आहे. तू तोवर ये. येता आलं नाही तर निदान लिहून कळव, तिनं काय विचारलं तर एकदा वाजवू आणि कशाला दोनदा.

जीव लावून ठेव, एवढंच मागतो.

तुझा,
ढब्बू