पाववाली कोणाच्या हवाली

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर पूर्ण, धंदा ताडपत्र्या आणि सीट कव्हरे शिवणे, राहणार चार चाकांवर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छाती तितकीशी नाही, पण कायदा डोक्याचेच विचारतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही, धाक नाही. गाडी रस्त्याच्या कडेला बंद पडली आहे, धाकटी बहीण गाडीखाली आहे आणि हातात दुसरे काम नाही, म्हणून लिहायला बसले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा उतारावर ब्रेक गेले तेव्हा तोंडी केले होते, ते धरू नये.

आधी गाडीविषयी, कारण बाकी सगळे तिच्या पोटात आहे. ही पूर्वी एका बेकरीचे पाव पोचवायची. आम्ही घेतली, फळ्या काढल्या, दोन बिछाने आणि शिलाई मशीन बसवले, पण इंजिन तापले की पत्र्यातून अजून ताज्या पावाचा वास येतो. त्यावरून नाव पडले पाववाली. इतरांच्या गाड्या बिघडतात तेव्हा जळका वास येतो, आमची बिघडते तेव्हा भूक लागते. आज सकाळी वळणावर तो वास आला. धाकटी म्हणाली, "ताई, पाव भाजले." मी कडेला घेतली. बॉनेट उघडले तर रेडिएटरचा पाइप टोकाला फाटलेला.

आम्ही भावाकडे निघालो आहोत. तो आम्हा दोघींच्या मधला. डॉक्टरांनी मला स्टेअरिंग धरायला मनाई केली आहे. ही शेवटची खेप, एवढी करते आणि किल्ली ठेवते, असे सांगून मी निघाले. माझ्यानंतर धाकटीचे कसे, हाच या कागदाचा खरा विषय आहे. लहानपणीच्या तापापासून तिला ऐकू येत नाही. म्हणजे कानांनी येत नाही.

कलम एक. घर. मला घर नाही. वडिलांच्या घरातला माझा वाटा मी राजीखुशीने भावाला दिला होता आणि त्याबद्दल मला आजवर वाईट वाटलेले नाही. मागच्या खोलीतली खिडकी उघडत नसे, याचे मात्र वाटते. मी मागितले होते, एक बिजागरी बदला. कोणी बदलली नाही. शेवटी मी खिडकी बदलायच्याऐवजी गावच बदलत राहिले.

कलम दोन. बचत. बँकेत जे काही असेल ते धाकटीच्या औषधपाण्याला आणि गाडीच्या तेलपाण्याला. कोणाचे आधी, हे तिला विचारू नये. ती गाडीचेच सांगेल.

कलम तीन. शिलाई मशीन माझ्या भाचीला. तिला शिवता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण लहान असताना ती आमच्याकडे सुट्टीला यायची तेव्हा मशीनच्या पायट्यावर डोके ठेवून झोपायची, आणि मी तशीच शिवत राहायची. तिला त्याचा उपयोग अजूनही होऊ शकेल.

कलम चार. ~~माझ्या पश्चात धाकटी बहीण भावाच्या घरी राहील. गाडी भावाने विकावी आणि आलेली रक्कम तिच्यासाठी ठेवावी.~~ (हे कलम मीच खोडले आहे. शाई माझी, हात माझा. का खोडले ते पुढे येईल. सकाळी लिहिले तेव्हा मनापासूनच लिहिले होते.)

कलम पाच. पुलाखालच्या फिटरने एका वर्षी आमचे इंजिन उघडले आणि आत स्वतःचा पाना विसरून बंद केले. दोन जिल्हे आम्ही तो खडखडाट ऐकत गेलो. म्हणजे मी ऐकत गेले, आणि धाकटी म्हणत राहिली, "ताई, आत कोणीतरी आहे." तो पाना मी पिशवीत जपून ठेवला आहे. माझ्या पश्चात तो त्याला पोचवावा, सोबत निरोप द्यावा की आतला माणूस बाहेर आला. बाकी त्याच्यावर राग नाही. थोडा आहे.

कलम सहा. भांडीकुंडी भावजयीला, लाकडी डाव सोडून. तो डाव स्वयंपाकाचा नाही. धाकटी त्याचे टोक इंजिनला टेकवते, दांडा दातात धरते आणि डोळे मिटते. मग सांगते, दुसऱ्या नंबरचा सिलिंडर कमी ओढतोय, किंवा, पट्टा सैल आहे. मी विचारले होते, नेमके काय कळते? म्हणाली, "तुला पाऊस कळतो ना पत्र्यावर? तसं, पण दातात." तो डाव तिच्याशिवाय कोणी आमटीत घालू नये.

इथे थोडे थांबले होते. एक मधवाला आपला टेम्पो थांबवून विचारत होता, पाणी हवे का. टेम्पोत मधमाश्यांच्या पेट्या आहेत. तो त्यांना एका फुलोऱ्यावरून दुसऱ्या फुलोऱ्यावर नेतो. तो चालत्या घरांचाच ड्रायव्हर, म्हणून आमचे लगेच जमले. आमचा नियम असा की बिघाड झाला तर आधी चहा, मग बॉनेट. त्यालाही चहा दिला. झाडाखाली एक टपालवाली मोपेड लावून डबा खात आहे. ती रोज इथेच जेवते म्हणे. दोघांना घाई नाही. बंद पडलेल्या गाडीपाशी आलेल्या माणसाची घाई कशी कोण जाणे, हळूहळू निघून जाते.

कलम सात. थांबलेल्या जागा. या माझ्या मालकीच्या नाहीत, तरी देते. गाडी बंद पडली की आम्ही मागची दारे उघडतो आणि समोर जे असेल ते दुरुस्ती होईपर्यंत आमचे. क्लचची तार तुटली तेव्हा एक आटलेला तलाव आमचा होता. त्याच्या भेगांमधून हिरवे कोंब येताना मी पाहिले, आणि मधोमध एक होडी कोरडी उभी होती, जणू तिलाही काहीतरी सुटा भाग यायचा होता. डायनॅमो गेला तेव्हा एका बंद पडलेल्या थिएटरचे अंगण. तिथला पडदा आम्ही शिवून दिला, आणि वाळत घातला तेव्हा वाऱ्याने त्यावर नुसत्या झाडांच्या सावल्यांचा खेळ दुपारभर चालला. एकदा धुक्यात चाक पंक्चर झाले. धुके उतरले तर आम्ही सूर्यफुलांच्या शेतात होतो आणि सगळी फुले आमच्याकडे पाठ करून उभी. धाकटी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि ती जिकडे बघतात तिकडे बघत बसली. जॅक लावायचा राहिला तो राहिलाच. ह्या सर्व जागा मी भाचीला देते. तिने कधी तरी गाडी काढून त्या शोधाव्यात. सापडल्या नाहीत तर ज्या सापडतील त्या तिच्या.

पाहता पाहता मी कुठे होते ते विसरले. ऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले आहे.

भावाचा फोन आला. "ताई, कुठे अडकलात? जेवण थांबवलंय. तिच्या खोलीचा रंग वाळलासुद्धा, बघशील तू. खिडकी उघडते बरं का! बिजागरी नवी घातलीय." मी म्हटले, येतोच. तो वाईट माणूस नाही, हे इथे नोंदवून ठेवते. "माणसात या आता," असे तो दर वेळी म्हणतो, आणि आम्ही इतकी वर्षे कोणात होतो हे मी त्याला कधी विचारले नाही. खिडकीचे ऐकून मला रडू आले.

आता पुढचे नीट लिहिते.

धाकटी गाडीखाली असली की तिला हाका मारून उपयोग नसतो. म्हणून मी सीटवर बसून टाच पायाखालच्या पत्र्यावर आपटते. दोनदा आपटले म्हणजे, झालं का? तिला ते पान्यातून हातात कळते. ती पान्याने खालून ठोकते. दोन ठोके म्हणजे झालं, एक म्हणजे अजून नाही. एवढ्या वर्षांत तिने कधी चुकीचे ठोकलेले नाही. झाले नसताना झाले म्हणाली नाही, उगाच लांबवलेही नाही.

फाटका पाइप टोक कापून पुन्हा चढवायचा आणि क्लिप आवळायची, याला इंजिन निवले की अर्धा तास लागतो. तो पाइप दुपार व्हायच्या आधीच बसला. मी स्वतः पाणी भरले, एक थेंब गळला नाही. त्यानंतर तिने प्लग काढून पुसले, जे परवाच पुसले होते. मग पट्टा. मग चाकांचे नट, जे कोणी सैल केलेच नव्हते. मी टाच आपटते, दोनदा. खालून एक ठोका. पुन्हा आपटते. एक.

धाकटी आज पहिल्यांदा खोटे ठोकत होती. आणि ती थांबत थांबत, हलक्या हाताने ठोकत होती.

मी उतरले, वाकले, तिच्या तोंडासमोर तोंड नेले. ती ओठ वाचते.

"झालंय ना गं?"

"क्लिप बघतेय."

"क्लिप तीनदा बघितलीस. बाहेर ये."

ती आली. हात पुसत बसली, खूप वेळ. मग म्हणाली, मोठ्याने, कारण तिला स्वतःचा आवाज कळत नाही, "तिथे फरशी आहे, ताई."

"मग? छान गार फरशी आहे."

"मागच्या वेळी मी पाय ठेवून बघितले. काही लागत नाही पायाला. भिंतीला हात लावला, काही नाही. सगळं बंद. बंद पडलेलंय ते घर, आणि दुरुस्त करायला त्यात काही नाही."

मधवाला पेट्यांकडे बघू लागला. टपालवालीने डब्याचे झाकण लावले.

मला कधी सुचले नव्हते. मी तिला शांत जागा देत होते, आणि तिला आयुष्यभर शांतता सोडून दुसरे काय मिळाले होते? इंजिन हा तिचा सगळा गोंगाट. मी तो विकून तिच्या नावावर ठेवणार होते.

"मला आता चालवता येणार नाही," मी म्हटले. "लायसन्स तुझंही आहे."

"ते फोटोसाठी आहे." हे खरे आहे. ती दर वेळी ते नवे करते, कारण तिला फोटो काढून घ्यायला आवडते. गॅरेजात मागेपुढे करण्यापलीकडे तिने पाववाली हलवलेली नाही. "मी खाली, तू वर, असं ठरलंय आपलं."

"वरची आता शेजारी बसणार आहे."

"आणि शेजारचीही नसली की?"

मी म्हटले, "तेव्हा पाव भाजले की तू कडेला घे. आधी चहा कर."

ती रडली नाही, मी रडले. सबब,

कलम आठ. कलम चार रद्द. पाववाली, तिचा जॅक, पाने, डाव, पत्र्यातला वास आणि ड्रायव्हरची सीट यांसह, माझ्या धाकट्या बहिणीला कायमची. ती गाडी कोणीही तिच्या वतीने विकू नये, भंगारवाल्याला भाव विचारू नये, गंमत म्हणूनही नाही. पुढे तिचे हातपाय चालेनासे झाले तर भावाने गाडी अंगणात उभी करावी, रोज थोडा वेळ इंजिन चालू करावे आणि तिला आत अनवाणी बसू द्यावे. शेजारी धुराची तक्रार करतील. त्यांना चहा द्यावा.

कलम नऊ. भावास. रागावू नकोस. खोली मोडू नकोस. आम्ही येऊ, पाहुण्यांसारख्या येऊ, चार दिवस त्या उघडणाऱ्या खिडकीत मी बसेन आणि तुझ्या जेवणाला नावे ठेवेन. तू आमच्यासाठी जागा केलीस हे मी विसरणार नाही. पण हिला जागा नको आहे रे, हिला थरथर हवी आहे.

एवढे लिहून मी वर चढले ती डाव्या बाजूने, शेजारच्या सीटवर. धाकटीने चपला काढल्या, पाय पुसले, तळवे पेडलवर ठेवले आणि किल्ली फिरवली. पाववाली चालू झाली. मी वर्षानुवर्षे ज्या गिअरला करकर आवाज करायला लावले तो तिने नुसता पायाने ऐकून टाकला, आवाज नाही. मला जरा हेवा वाटला, तोही इथे नोंदवते.

सही इंजिन चालू असताना केली आहे, म्हणून वाकडी आहे. हात ठीक आहे.

सही : थोरली

साक्षीदार, दोघांनी माझी सही होताना खिडकीशी उभे राहून पाहिली, मी त्यांची पाहिली. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही, चहा मिळाला तो आधीच पिऊन झाला आहे.

१. मधवाला. (याच्या सहीवर एक माशी बसली होती. तिने साक्ष दिलेली नाही.)
२. टपालवाली. (ही प्रत तिने नोंदणीने भावाकडे पाठवायची होती. मी म्हटले, थोडे थांब, अजून एक ओळ राहिली आहे. ती म्हणाली, "ठिकाण राहिलंय, मावशी. भरा आणि पुढच्या पेटीत टाका, माझ्याच हाती येईल.")

तारीख : १७ फेब्रुवारी, गुरुवार

ठिकाण भरायला घेतले तोवर गाडी निघाली होती. पुढे फाटा आहे, उजवीकडे भावाचे गाव. धाकटीने इंडिकेटर कुठलाच दिला नाही, वेग कमी केला आणि माझ्याकडे बघितले. मी टाच पायाखालच्या पत्र्यावर दोनदा आपटली. झालं का?

तिने स्टेअरिंगवर बोटाने एकदा ठोकले, आणि डावीकडे वळवली.

ठिकाण : गाडी चालू आहे. थांबली की लिहीन.