घरात वाल आहेत तोवर

बाबा, तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तू असताना लिहिलं असतं तरी तुला ते गल्लीतल्या कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मला जे सांगायचं आहे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यासारखं नाही. मुलुंडच्या या घरात सुट्टीच्या दुपारी मी एकटी असते. खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसते, डोंगराचा एक तुकडा दिसतो, पाणी कुठेच दिसत नाही. स्थळं बघत होतात तेव्हा मी मुलाचा पगार विचारला नाही, की घर केवढं आहे ते विचारलं नाही. तिथून समुद्र किती लांब आहे एवढंच मनातल्या मनात बघितलं. तुम्हाला वाटलं, पोरीला शिकलेला, नोकरीवाला नवरा पाहिजे. थोडं तसंही असेल. पण खरं कारण भीती होतं. त्या भीतीबद्दल आपण दोघं एकदाच बोललो, तेही घाईघाईत, आणि नंतर तू जाईपर्यंत पुन्हा विषय काढला नाही.

माझ्या डब्यात वालाचं बिरडं निघालं की ऑफिसातल्या बायका अजून हसतात. कोळ्याची पोर आणि वाल खाते, म्हणतात. त्यांना वाटतं आपल्याकडे बारा महिने ताटात मासे. त्यांना काय सांगू? बोटी वाळूत ओढून घेतल्या, त्यांच्यावर झावळ्या आणि प्लास्टिक बांधलं, की वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या आपल्यासारख्या घरांत कडधान्यांचं राज्य सुरू व्हायचं. आई उन्हाळ्यातच तयारी करायची. वसईच्या पलीकडून एक बाई यायची, आई तिला सुके बोंबील आणि जवळा द्यायची आणि बदल्यात वाल घ्यायची, बारके, लालसर, कडवे. त्यांना एरंडेल चोळायचं, ऊन दाखवायचं, आणि कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या डब्यात भरायचे. मग पावसाळाभर तेच. रात्री भिजत घाल, सकाळी फडक्यात बांधून खिळ्याला टांग, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोल. कधी बदल म्हणून पांढरे वाटाणे, कधी चवळी. ओलं खोबरं असलं तर सण. एखादा बोंबील निखाऱ्यावर भाजला तर तो तुझ्या ताटात, आणि त्यातलाही अर्धा तू माझ्याकडे सरकवायचास.

सगळी गल्ली त्या जेवणाला कंटाळायची. मला मात्र ते वर्षातले सगळ्यात चांगले दिवस वाटायचे, कारण घरात वाल शिजताहेत याचा अर्थ तू घरात आहेस. बाहेर पाऊस कोसळतो आहे, तू भिंतीला टेकून बसला आहेस, पुढ्यात परात, आणि आपण दोघं वाल सोलतो आहोत. तुझी बोटं दोरानं कापलेली, जाडजूड, तरी दाणा असा अलगद सालातून सुटायचा की आईसुद्धा बघत राहायची. उलट मोसमात आई सरंगा तळायची, घरभर वास सुटायचा आणि मी पाटावर बसायला टाळाटाळ करायचे. ताटात सरंगा आहे म्हणजे तू पाण्यावर आहेस. घास तोंडात फिरत राहायचा. आईला वाटायचं ही पोर नखरे करते. सरंग्याला नाक मुरडणारी कोळीण जगात हीच एक, असं ती शेजारणींना सांगायची.

हे सगळं त्या वर्षाआधी नुसतं लहान मुलीचं भित्रेपण होतं. मग तुमच्या बोटीवरचा काका गेला. नारळी पौर्णिमेच्या आधीच बोट काढली होती, समुद्राला नारळ दिला नव्हता, आणि वाऱ्यानं बोट कलली तेव्हा तो तुझ्या हाताच्या अंतरावरून गेला. तू घरी आलास, पाय धुतलेस, बसलास. आईनं चहा हातात दिला. तो गार होईपर्यंत तू कप नुसता धरून ठेवलास. पुढे कितीतरी दिवस त्या काकाची बायको दारात बसून राहायची, तिच्या घरावरून शाळेत जाताना मी धावत सुटायचे. वर्गात बसल्यावर वाऱ्यानं खिडकी आपटली की मी बाकावर डोकं टेकवायचे. बाईंनी एकदा विचारलं, ताप आहे का. मी हो म्हणाले, सोपं होतं ते.

दुसऱ्या वर्षी आषाढ संपता संपता नाखवा घरी आला. बोट त्याची होती आणि शिवाय तो तुझा चुलतभाऊ, त्यामुळे तो दार वाजवायचा नाही, सरळ आत यायचा. इंजिनवाल्या बोटी निघाल्या, म्हणाला, बाजारात माशाला सोन्याचा भाव आहे, नारळाची वाट बघत बसलो तर आपल्याला शेपट्या मिळतील. तू जाळं विणत होतास. मान वर न करता म्हणालास, "घरान वाल हायत तवर मी नाय येवाचा." नाखवा हसला. बरं, वाल संपले की बोलू, असं म्हणून गेला. त्याच्या दृष्टीनं तो विनोद होता. मी मात्र दाराआड उभी राहून ते ऐकलं आणि त्या क्षणापासून पत्र्याचा तो डबा म्हणजे तुझा जीव झाला. डबा रिकामा झाला की तू जाणार आणि त्या काकासारखा परत येणार नाहीस, इतकं सरळ गणित माझ्या डोक्यात बसलं.

मग मी काय काय केलं ते ऐक. आई म्हणायची, दोन मुठी भिजत घाल गं, तर मी मूठ सैल धरायचे. जेवताना पोट दुखतं म्हणायचे. आई ओवा चावायला लावायची, वर गरम पाणी पाजायची, आणि मी उपाशी पोटी ओवा चघळत बसायचे. शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून डब्याचं झाकण उघडायचे आणि आत हात घालायचे. पहिल्यांदा मनगट बुडायचं, मग नुसती बोटं. बोटांना पत्रा लागला त्या दिवशी मी मोरीत जाऊन ओकले. पोटात तर काही नव्हतंच.

आणि एक दिवस हात घातला तर मनगट पुन्हा बुडलं. मला घाम फुटला. मग वाटलं, एकवीरेनं ऐकलं. मी त्या डब्याला हात जोडले, हळद-कुंकूही लावलं असतं, पण तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली. तिनं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदरानं माझं कपाळ पुसलं. तिला वाटलं असेल, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्या आठवड्यातलं बिरडं मात्र विचित्र झालं. अर्धे वाल पिठासारखे गळून गेलेले आणि अर्धे दाताखाली कटकन वाजणारे. तू जसं काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं चावत होतास. आई एक दाणा ताटाच्या कडेला बोटानं इकडून तिकडे सरकवत होती. पण दुसऱ्या दिवशी खिळ्याला एकीच्या जागी दोन पुरचुंड्या टांगलेल्या होत्या, एक मोठी, एक लहान, आणि दोन्ही तिनं वेगवेगळ्या वेळी शिजवल्या. मी विचारलं तर म्हणाली, फडकं लहान पडलं.

मग तो दिवस आला. पावसानं रस्त्यावर पाणी साचलं म्हणून शाळा लवकर सोडली. आई बाजारात होती, पावसाळ्यात ती उरलेले सुके मासे घेऊन अंधेरी स्टेशनाबाहेर बसायची. मी मागच्या दारानं आत आले तर तू डब्यापाशी उकिडवा बसलेला, आणि कागदाच्या पुड्यातले वाल आत ओतत होतास. सदरा काढलेला. खांद्यावरची कातडी सोलवटून लाल झालेली. आईला तू सांगायचास की बोटीला डांबर लावायला किनाऱ्यावर जातो. तू जायचास मरोळकडे, कारखान्यांच्या वसाहतीत, ट्रकमधल्या गोण्या उतरवायला, आणि त्या मजुरीतून हे वाल आणायचास. ज्याला गल्लीत सगळे सुकाणूवरचा माणूस म्हणून ओळखतात तो पाठीवर गोण्या वाहतो हे कळलं असतं तर लोकांनी काय काय म्हटलं असतं, ते मला तेव्हाही कळत होतं. मी दप्तर धरून तशीच उभी राहिले. तू मला पाहिलंस. रागावशील असं वाटलं. पण तू बाजूला सरकलास आणि मला बसायला जागा केलीस.

"आयला सांगू नको," तू म्हणालास. "पावसान दर्यावर जावाला मना भ्या वाटतंय."

बाबा, तू ते इतक्या हळू बोललास की त्या पावसात मला नीट ऐकूही आलं नसतं, पण मी तुझ्या ओठांकडेच बघत होते. मी मान हलवली. तू पुडा चुरगाळून खिशात कोंबलास आणि सदरा चढवलास. तुला वाटलं असेल, पोरीला सांगून मन हलकं झालं. माझं काय झालं ते तुला कधी कळलं नाही. तोवर मी समजत होते, भिते ती मी, लहान आहे म्हणून. तू भीत नाहीस आणि म्हणूनच तू परत येतोस. तुझ्या त्या एका वाक्यानं माझ्या पायाखालची जमीन काढून घेतली. त्या दिवसापासून तुझ्या वाटची भीतीही मलाच बाळगावी लागली, माझी होतीच.

आणि दोन पुरचुंड्यांचं कोडंही तेव्हाच सुटलं. वाण्याकडचे वाल मोठे, पांढुरके, लगेच शिजणारे. आपले बारके, कडक, वेळ घेणारे. तू जाळ्याची गाठ डोळे मिटून मारायचास, सोललेल्या डाळिंब्यांची परात भरायचास, पण सालासकटचे वाल तुला सगळे सारखेच. एकावर एक ओतून मोकळा झालास. आईला पहिल्याच घासाला कळलं होतं. कुठून आले ते तिनं विचारलं नाही, गुपचूप वेगळे निवडून वेगळे शिजवले. तुला हे ठाऊक नव्हतं. मला दोघांचं ठाऊक होतं आणि दोघांपैकी कोणाशीच बोलायची सोय नव्हती.

नाखवा पुन्हा आला तेव्हा एका जवान पोराला बरोबर घेऊन आला, तुझ्या जागी घ्यायला म्हणूनच. दारातूनच ओरडला, वाल संपले का. तू जाळ्यात तोंड खुपसलंस. आत्ता तू हो म्हणशील, असं मला वाटलं. त्या पोरासमोर नाही म्हणणं तुला जड जाणार हे दिसत होतं. तुझे कान लाल झाले होते. तेवढ्यात आई आतून आली. तो अख्खा डबा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि नाखव्याच्या पायाशी ठेवून झाकण काढलं.

"बघ. हायत अजून," ती म्हणाली. "नारल दिल्याबिगर या घरातशी कोन जावाचा नाय."

नाखव्यानं वाकून मूठभर वाल उचलले, बोटांतून सोडले, आणि त्या पोराला घेऊन निघून गेला. तू आईकडे बघत होतास. तिनं झाकण लावलं, डबा उचलला आणि म्हणाली, चूल विझेल. एवढंच. त्यानंतर तू मरोळला जाताना डांबराचं नाव सांगायचं बंद केलंस, आणि ती तुझ्या खांद्याला खोबरेल चोळायची.

बोट गेली आणि सुखरूप परत आली, सरंग्यांनी भरून. मला खोटं लिहायचं नाही. ती बोट सुखरूप आली याचा मला राग आला. गल्लीतली माणसं तुला वालवाला म्हणायला लागली, पोरंसुद्धा. नारळी पौर्णिमेनंतर नाखव्यानं तुला परत घेतलं, पण सुकाणू त्या पोराकडे गेलं आणि तू जाळं ओढणाऱ्यांत. तू कुरकूर केली नाहीस. दर वर्षी नारळ पाण्यात पडला की सगळा किनारा नाचायचा, आणि मी तुझा चेहरा शोधायचे. तूही नाचायचास. तुझ्या डोळ्यांत काय असायचं ते त्या गर्दीत फक्त आम्हा दोघींना दिसायचं.

मी मुलुंडला आले तरी सुटका झाली नाही. रेडिओवर वादळाची बातमी लागली की हातातलं काम टाकून बसायचे. आमच्याकडे फोन नव्हता, वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे होता, आणि त्यांची हाक आली की जिना चढताना मी मनात सगळी तयारी करूनच चढायचे. त्या दिवशीही तशीच चढले. पावसाळ्याचेच दिवस होते, पण कोण कधी बोट काढेल याचा भरवसा आता उरला नव्हता. आई गल्लीतल्या दुकानातल्या फोनवरून बोलत होती. म्हणाली, बाबा गेला.

मी विचारलं, "कुठं?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं, कसा गेला, कधी गेला. तिला मात्र माझा प्रश्न बरोबर कळला. "घरान," ती म्हणाली. "झोपेत."

"बरं झालं," मी म्हणाले. बाबा, तू गेल्याचं ऐकून तुझ्या मुलीच्या तोंडून निघालेला पहिला शब्द हा होता. वरच्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मी हे आजवर नवऱ्याला सांगितलेलं नाही, कोणालाच नाही, आणि हा कागदही घडी करून माझ्याच कपाटात जाईल.

तिकडून आई म्हणाली, "मी पन तेच बोलले."

त्यानंतर आम्ही दोघी रडलो.