सोफा आणि सप्तर्षी एकाच कॅमेऱ्यात

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार (मनातल्या मनात वाकले, कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीतच आहे). मामींचे गुडघे आता जिना चढू देतात का? तुमचा सकाळचा खोकला गेला, की अजून शेजाऱ्यांना उठवतो? इकडे आम्ही बरे आहोत. पत्रास कारण, मी एक जुना कॅमेरा विकत घेतला आहे आणि तेव्हापासून मला काही म्हणजे काही कळेनासं झालं आहे. (कळत आधीही नव्हतं, पण तेव्हा निदान ते सिद्ध झालं नव्हतं.)

सुरुवात झाली बाबांच्या डोळ्यांपासून. दिवसभर लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि रात्री गच्चीत आडवं होऊन आकाश बघायचं, यात त्यांचा जन्म गेला हे तुम्हाला माहीतच आहे. आता डोळ्यांचे पडदेच खराब झालेत. आधी बारीक तारे गेले, मग ठळकही. चष्म्याने काही उपयोग होणार नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. मला! अठरा वर्षं चष्म्याच्या दुकानात बसून मी अर्ध्या गावाला वाचतं केलं आणि घरच्या माणसापुढे हात टेकले. मात्र टीव्हीवर ठळक काही असलं आणि ते पडद्याला नाक लावून बसले, की त्यांना थोडंफार दिसतं. म्हणून मी ठरवलं, आकाशाचा फोटो काढायचा आणि टीव्हीवर लावायचा. हे यांच्या कानावर घातलं, तर हे म्हणाले, घेतेच आहेस तर असा घे की माझ्या सोफ्यांचेही फोटो निघतील. (हे हल्ली गिऱ्हाइकांना शिवलेल्या सोफ्यांचे फोटो पाठवतात. मोबाइलवर हिरवा सोफा तपकिरी येतो आणि भांडणं होतात.) म्हणजे एकाच कॅमेऱ्यात सोफाही मावायला हवा आणि सप्तर्षीही, आणि तोही जुना, कारण नव्याची किंमत विचारून आम्ही दुकानाबाहेर येऊन पाणी प्यालो होतो.

जुन्या कॅमेऱ्यांचा दुकानदार फार सज्जन माणूस, पण त्याचं बोलणं मला उलटं ऐकू येत होतं. त्याने सांगितलं, लेन्सवरचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, आणि ताऱ्यांना मोठं भोक लागतं. मी म्हटलं, मग मोठा आकडा द्या. त्याने शांतपणे पुन्हा सांगितलं. मी पुन्हा मान डोलावली आणि पुन्हा मोठा आकडा मागितला. मग त्याने एक कॅमेरा काढला आणि फक्त घरगुती वापराचा आहे म्हणाला. आत आकडा पाहिला तर लाखभर फोटो काढून झालेले. त्या घरात माणसं जेवत कधी असतील? एका बाबतीत मात्र मी मान खाली घातली नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याची लेन्स मी सवयीने उजेडासमोर तिरकी धरली, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. तो म्हणाला धूळ आहे. मी म्हटलं, भाऊ, ही बुरशी आहे, काचा पाहण्यात माझे केस पिकले. त्यानंतर तो मला ताई म्हणायला लागला आणि आतल्या कपाटातून तिसरा कॅमेरा निघाला. तो घेतला. सोबत लहान आकड्याची, म्हणजे मोठ्या भोकाची लेन्स घेतली. (बरोबर लिहिलं ना?) एक तिपाईही घेतली. तिचा एक पाय मध्येच बसतो.

सोफा झकास आला, अगदी हिरवा. मग अमावास्येला गच्चीत गेले. दुकानदाराने कागदावर लिहून दिलेले सगळे आकडे घातले, वीस सेकंद श्वास रोखला (तो रोखायचा नसतो हे नंतर कळलं) आणि काळ्याभोर फोटोत ठिपके उमटले! पांढरे, तांबूस, एकदोन निळे. धावत खाली येऊन टीव्हीवर लावले. बाबांनी नाक पडद्याला लावलं. मग बोटाने एकेक ठिपका दाखवत नावं सांगायला लागले. हा वसिष्ठ, त्याला चिकटून अरुंधती, तो तिकडे ध्रुव. हे सोफ्याच्या खिळ्यांची डबी हातात धरून तसेच उभे राहिले. मी पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन दुकानदाराकडे गेले. त्याने तो मोठा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "ताई, लेन्सचं झाकण काढलं होतं का?"

मामा, नव्हतं काढलं. अंधारात वीस सेकंद चालू ठेवला की जुना कॅमेरा असे ठिपके स्वतःच तयार करतो म्हणे. मग बाबांनी नावं कुणाची सांगितली? खरं सांगावं तर त्यांची ती रात्र जाईल, न सांगावं तर मी त्यांना फसवलं. तुमचं अर्धं आयुष्य कॅमेऱ्यात गेलं, तुम्हीच सांगा, आता काय करू?

मामींना नमस्कार.

तुमची,
चष्मेवाली भाची

ता. क. १: पाकीट बंद करण्याआधी मला राहवलं नाही आणि बाबांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, मला ठाऊक होतं. सप्तर्षींचे सात तारे कसे असतात ते मला पाठ आहे, तुझ्या फोटोत सतरा होते आणि एकही जागेवर नव्हता. पण तू इतकी धावत आलीस, मग मी आपली नावं देऊन टाकली.

ता. क. २: पुढे त्यांनी विचारलं, "तुझा मामा अजून फोटो काढतो का गं?" तुमचं दोघांचं कशावरून बिनसलं ते आम्हाला कधीच कळलं नाही, पण अकरा वर्षांत त्यांनी तुमचं नाव काढलं ते हे पहिल्यांदा. पुढची अमावास्या शनिवारी आहे. लेन्स कुठली, आकडा किती, हे काही लिहून पाठवू नका. तुम्हीच या.

ता. क. ३: फोन केला असता, पण बाबांना दिसत नसलं तरी ऐकू सगळं येतं.