घाटासाठी तयार सायकल

चिकलठाणा, औरंगाबाद
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय बद्री,

तुझं पत्र मिळालं. दिवाळीला घरी येतोस, तात्यांच्या पायावर डोकं ठेवून 'तुमचा दोष नव्हता' असं सांगणार आहेस, हे वाचलं आणि पत्र तसंच पदरात धरून बसले. दवाखान्यातून तू थेट मामाकडे पुण्याला गेलास, त्यानंतर या घराने तुला पाहिलं नाही. उत्तर लगेच लिहायचं होतं, पण आधी इथलं सगळं सांगायला हवं.

तात्या विसरतात, एवढंच मी तुला कळवत आले. किती विसरतात ते लिहायचा धीर झाला नाही. कारखाना सुटल्यावर आधी किल्ल्या हरवायच्या, मग घरचा रस्ता. आता त्यांचं मन त्या नवरात्राच्या आधीच थांबलं आहे. त्यांच्या लेखी तू कॉलेजला गेलेला असतोस, नाहीतर वर झोपलेला असतोस. मी हो म्हणते.

सकाळी चहा झाला की ते अंगणात तुझी सायकल उलटी करतात. अपघातानंतर शेजारच्या कारभारीकाकांनी ती पोलिसांकडून सोडवून आणली होती, वाकलेलं चाकही बदलून दिलं होतं. तात्यांची जुनी शिकवण मात्र तोंडपाठ आहे. चेनीला तेलपाणी केलं तर दोन वर्षं जाते, मागच्या चाकाचं दातेरी फ्रीव्हील दोन-तीन चेनी पुरतं, मागचं टायर आधी झिजतं म्हणून पुढचं मागं घालायचं आणि नवं पुढं. तू लहान असताना ते म्हणायचे, माणसापरीस सायकल बरी, काय घिसलं ते दिसतं तरी. आताही म्हणतात आणि स्वतःच हसतात. गेल्या उन्हाळ्यात एक इंचही न चाललेली टायरं बाजूने तडकली. अशा टायरांवर पोराला घाटात कसं धाडू म्हणून ते जेवले नाहीत. मी नवी आणून दिली.

त्या वर्षी तुझी चेन अष्टमीला तुटली. त्यांनी नवी बसवली. फ्रीव्हीलही आणून ठेवलं होतं, कारण जुन्याचे दाते पार टोकदार झाले होते आणि घिसलेल्या दात्यांवर नवी चेन धरत नाही, हे त्यांनीच तुला शिकवलं होतं. पण तोवर रात्र झाली, आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पाने, हातोडी, सगळी हत्यारं पाटावर मांडून त्यांनी हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत पूजेतलं हत्यार उचलायचं नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. तुझी सायकलची शर्यत जवळ आलेली, तुला दसऱ्याच्या सकाळीच खुलताबादचा घाट चढायचा होता. बसंल दात्यावर, हळू जा, म्हणाले. चढावर तू पायडलवर उभा राहिलास, चेन सटकली, आणि मागून ट्रक होता. दवाखान्यात पाय कापल्यावर तू त्यांना एकच वाक्य बोललास, "तुम्हाला माहीत होतं." त्यावर त्यांनी कधीच सफाई दिली नाही.

आता ते रोज फ्रीव्हील काढतात. रॉकेलमध्ये धुतात, उन्हात धरून एकेक दाता बघतात आणि तेच पुन्हा नवं म्हणून बसवतात. चाक फिरवून कान देतात. मग मला हाक मारतात, "झाली बघ. आता जाऊ दे त्याला घाटात." तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते मी लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

श्रावणात शेजारच्या आशाबाईंनी न राहवून त्यांना सांगितलं, अहो तात्या, पोराचा पाय गेला, कुणासाठी करताय हे. तात्यांना ते पहिल्यांदाच कळत होतं. आधी कसा गेला ते विचारलं. मग आपण फ्रीव्हील बदललं होतं का, ते विचारलं. मी गप्प राहिले, त्यांना उत्तर मिळालं. कपाळ फुटेपर्यंत ते खांबावर डोकं आपटत होते. दुसऱ्या दिवशी उठले, जखम चाचपली, कसली म्हणून मलाच विचारलं, आणि सायकलीकडे गेले.

बद्री, ज्यांना तू माफ करायला येतोस, त्यांना आपण काही केलं हेच ठाऊक नाही. तुला माफ करायचं तर आधी ते त्यांना सांगावं लागेल. तुझी कुबडी दारात दिसली की न सांगताही कळेल. आणि तुझी माफी ते सकाळपर्यंत विसरतील. चार दिवस राहिलास तर चारही सकाळी तुला बघतील. म्हणून हे पत्र. घरी येऊ नकोस. भाऊबीजेला दुपारी कामाला येणारी सरूबाई तात्यांजवळ बसायला तयार आहे. मी स्टँडवर येईन, पुण्याच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर बसेन. परतीची गाडी संध्याकाळची धर. तेवढ्या वेळात तुला डोळे भरून बघेन, जेवण बरोबर आणेन. तात्यांनी विचारलं तर सांगेन, खुलताबादला गेलाय.

तुला दारातून परत पाठवणारी, तरी तुझीच,
आई